गावाची शाळा, गावाचा हिशेब
होरेस मॅन (१७९६–१८५९) यांचे जीवन व कार्य

वाचकहो, आपल्या गावात किंवा वस्तीत शाळा आहेच. तिच्या दारावरून आपण रोज जात-येत असाल. परंतु त्या शाळेच्या आत आपण शेवटचे केव्हा गेलात? पटावर किती मुले आहेत आणि त्यांतील किती रोज हजर असतात, पावसाळ्यात छप्पर गळते काय, चौथीतील मुलास चार ओळी सरळ वाचता येतात काय, हे आपणांस ठाऊक आहे काय? आणि आपणांस ते ठाऊक नसेल, तर ते कोणास ठाऊक असावे? सरकारास? शिक्षकांस? की ज्यांची मुले तेथे शिकतात त्या आपणा सर्वांस?

हाच प्रश्न सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका मनुष्याने गावोगाव जाऊन विचारला. त्याच्या हाती सत्ता नव्हती आणि कोणास हुकूम सोडण्याचा अधिकारही नव्हता. लोकांसमोर त्यांच्याच शाळेची खरी स्थिती मांडायची, एवढेच साधन त्याच्यापाशी होते. त्याचे नाव होरेस मॅन. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचा जनक म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. त्यांच्या चरित्रातून आपणांस आजही पुष्कळ घेण्यासारखे आहे, म्हणून ते येथे सादर करीत आहोत.

गरिबीतील बालपण

होरेसचा जन्म ४ मे १७९६ रोजी फ्रँकलिन या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. घरची शेती बेताची आणि काम सरता न सरणारे. टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या विणून घरातील मुले दोन पैसे मिळवीत. होरेसचे लहानपण अशा श्रमात गेले. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वर्षाकाठी आठ-दहा आठवड्यांहून अधिक शाळा कधी मिळाली नाही. जी मिळाली तीही अशी, की थंडीत कुडकुडत बसावे, पाठ घोकावा आणि छडी खावी.

या खेड्याला एक देणगी मात्र मोठी लाभली होती. गावाने बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव धारण केले, तेव्हा प्रार्थनामंदिरासाठी त्यांच्याकडून एखादी घंटा मिळावी अशी लोकांची अपेक्षा होती. फ्रँकलिन यांनी घंटेऐवजी पुस्तके पाठविली. १७९० साली गावसभेने ठराव करून ती पुस्तके सर्व रहिवाशांस विनामूल्य वाचावयास खुली केली. शाळेने जे दिले नाही ते त्या ग्रंथसंग्रहाने होरेसला दिले. गावाने एकत्र येऊन घेतलेल्या एका निर्णयाने गरीब मुलाचे आयुष्य कसे पालटते, याचा अनुभव त्याने असा लहानपणीच घेतला.

१८०९ साली वडील क्षयाने वारले. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ स्टीफन तळ्यात बुडून मरण पावला, आणि तोही प्रभूच्या दिवशी. गावचे पाळक विद्वान होते, पण मताने कठोर होते. अंत्यविधीच्या प्रसंगी त्यांनी पश्चात्ताप न करता मरणाऱ्या तरुणांच्या गतीविषयी उपदेश केला. शेजारी शोकाने कोसळलेली आई आणि पुढे सांत्वनाचा शब्द नाही, हे दृश्य चौदा वर्षांच्या होरेसच्या मनातून कधी गेले नाही. त्या कडक संप्रदायापासून तो दूर झाला आणि पुढे युनिटेरियन मंडळीकडे वळला. त्यांची मते आपणांस मान्य असोत वा नसोत, पण दुःखितांविषयीचा त्यांचा कळवळा याच जखमेतून उगम पावला हे विसरता येत नाही.

वकिली सोडून शाळांकडे

एका फिरत्या शिक्षकाच्या साहाय्याने केवळ सहा महिन्यांत तयारी करून होरेस यांनी १८१६ साली ब्राऊन विद्यापीठात प्रवेश मिळविला आणि १८१९ साली तेथून पदवी घेतली. पुढे कायद्याचा अभ्यास करून १८२३ पासून ते वकिली करू लागले. १८२७ साली ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले. तुरुंगांत व कोंदट खोल्यांत डांबलेल्या मनोरुग्णांसाठी वूस्टर येथे राज्याचे रुग्णालय उभे राहिले, ते मुख्यतः त्यांच्या खटपटीने.

१८३० साली त्यांचा विवाह शार्लट मेसर यांच्याशी झाला. परंतु दोन वर्षांतच, १ ऑगस्ट १८३२ रोजी, शार्लट यांचा अंत झाला. या आघातातून सावरण्यास मॅन यांना कित्येक वर्षे लागली. त्यातच भावाच्या व्यवसायाचे कर्ज त्यांच्या शिरावर आले. काही काळ ते आपल्या कचेरीतच झोपत. तथापि त्यांनी सार्वजनिक काम सोडले नाही. ते राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच काळात, २० एप्रिल १८३७ रोजी, राज्यात शिक्षण मंडळ स्थापन करण्याचा कायदा संमत झाला. मंडळास पगारी चिटणीस हवा होता. मित्रांना वाटले की चालती वकिली आणि राजकारणातील मानाचे पद सोडून हे बिनअधिकाराचे काम कोण स्वीकारील? मॅन यांनी ते स्वीकारले.

गावे शाळा विसरली होती

वाचकहो, येथे त्या वेळची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे, नाहीतर मॅन यांच्या कार्याचे मर्म ध्यानात येणार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा चालविणे ही सतराव्या शतकापासून गावांची जबाबदारी होती. पैसा कराच्या रूपाने गावच उभा करी. १८२६ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाने शाळा समिती निवडावयाची, तिने शिक्षकांची परीक्षा घेऊनच त्यांना नेमणुकीचा दाखला द्यावयाचा आणि शाळांना वेळोवेळी भेटी द्यावयाच्या, असे ठरले होते. कागदावर पाहता लोकांच्या हाती सर्व काही होते.

प्रत्यक्षात काय होते? गावे लहान लहान वस्त्यांत विभागली होती. प्रत्येक वस्तीची आपली एकखोली शाळा असे आणि शिक्षक नेमण्याचे काम वस्तीतील एका कारभाऱ्याकडे असे. तो पुष्कळदा स्वस्तात मिळेल त्यास किंवा आपल्या नात्यागोत्यातल्यास नेमी. समितीचे सभासद भले लोक असत. पाळक, डॉक्टर, वकील असे ते असत, पण त्या कामाचे त्यांना काही मिळत नसे. दाखला न देताच शिक्षक रुजू होई, आणि वर्ष वर्ष कोणी शाळेत डोकावत नसे. सधन लोक आपली मुले खाजगी शाळांत पाठवीत व गावच्या शाळेसाठी कर वाढविण्यास गावसभेत विरोध करीत. ज्यांचा आवाज गावात चालतो त्यांची मुले जेथे शिकत नाहीत, त्या शाळेची काळजी कोण वाहणार? हा प्रश्न आजही जुना झाला आहे असे म्हणता येईल काय?

१८३७ च्या हिवाळ्याआधी मॅन घोड्यावर बसून निघाले. समुद्रातील बेटांपासून पश्चिमेच्या डोंगराळ भागापर्यंत त्यांनी राज्य पालथे घातले. जिल्ह्याजिल्ह्यात सभा भरविल्या. कोठे गर्दी जमली, कोठे मोजकीच माणसे आली. वाटेत त्यांनी शेकडो शाळागृहे पाहिली, आणि पहिल्या अहवालात चार गोष्टींवर बोट ठेवले. त्या म्हणजे पडकी शाळागृहे, कर्तव्य विसरलेल्या समित्या, जनतेची उदासीनता आणि अप्रशिक्षित शिक्षक. पाठ टेकावयास आधार नसलेली बाके, फटींतून येणारा बोचरा वारा, शौचकूप नसलेली शाळा हे सर्व त्यांनी संकोच न करता लिहिले. ज्या गावात गुरांचे गोठे शाळेपेक्षा बरे होते, त्या गावाने हे वाचून मान खाली घातली नसेल तरच नवल.

आरसा

आता मॅन यांच्या कार्यपद्धतीकडे पाहू. त्यांच्या आग्रहाने १८३८ साली कायदा झाला, की प्रत्येक गावाच्या शाळा समितीने दरवर्षी शाळांच्या स्थितीचा सविस्तर अहवाल लिहावा. त्यात चांगले तेवढे सांगून वाईट झाकू नये. तो अहवाल गावसभेत सर्वांसमक्ष वाचावा किंवा छापून गावकऱ्यांस वाटावा, आणि त्याची प्रत शिक्षण मंडळाकडे पाठवावी. समितीच्या सभासदांना कामाच्या दिवसाबद्दल अल्पसा मोबदला मिळू लागला. प्रत्येक शाळेत हजेरीपट ठेवणे सक्तीचे झाले. राज्याच्या शाळानिधीतील वाटा हवा असेल तर गावाने माहिती पाठविलीच पाहिजे, असा नियम होताच. त्यामुळे टाळाटाळ कठीण झाली.

या छोट्या वाटणाऱ्या नियमांनी काय घडविले? ज्यास अहवाल लिहावयाचा आहे, त्यास शाळेत जावेच लागते. ज्याचा अहवाल शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे वाचला जाणार आहे, त्यास खोटे लिहिणे जड जाते, कारण ऐकणाऱ्यांची मुले त्याच शाळेत असतात. आणि जे उघड सभेत ऐकले, ते आपणांस माहीतच नव्हते असे नंतर कोणास म्हणता येत नाही.

सुमारे तीनशे गावांतून आलेले हे अहवाल मॅन स्वतः वाचीत. त्यांतील निवडक भाग ते दरवर्षी छापून काढीत, म्हणजे एका गावाने केलेली सुधारणा दुसऱ्यास कळे. त्यांनी आणखी एक युक्ती योजिली. चार ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलामागे कोणते गाव किती खर्च करते, हे काढून त्यांनी सर्व गावांची क्रमवार कोष्टके प्रसिद्ध केली. कोणाची निंदा नाही, उपदेश नाही; केवळ नाव आणि आकडा. आपले गाव शेजारच्या गावाच्या खाली आहे हे पाहून पुढच्या सभेत शाळेची रक्कम वाढवून घेणारे लोक ठिकठिकाणी उभे राहिले.

पण केवळ दोष दाखवून शाळा सुधारत नाही, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. शिक्षकास शिकविण्याची कला कोणी शिकविलीच नाही, तर त्यास दोष देऊन काय उपयोग? एका दानशूर व्यापाऱ्याने दिलेल्या १०,००० डॉलरांत राज्याने तितकीच भर घातली, आणि ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन येथे राज्याची पहिली शिक्षक प्रशिक्षण शाळा उघडली. पहिल्या दिवशी तीनच मुली प्रवेशासाठी आल्या. मॅन खचले नाहीत. या शाळांच्या गरजेपायी त्यांनी आपली कायद्याची पुस्तकेही विकली. एकदा पिट्सफील्ड येथे शिक्षकांचे शिबिर होते. तेथे पोहोचल्यावर पाहतात तो जागा झाडलेलीसुद्धा नाही. तेव्हा मॅन आणि राज्याचे गव्हर्नर ब्रिग्ज या दोघांनी झाडू मागवून घेतले व शाळा स्वतः झाडून काढली.

विरोध

आरसा दाखविणाऱ्यावर लोक प्रसन्न होतात असे नाही. हे मंडळ म्हणजे गावांच्या स्वातंत्र्यावर आक्रमण आहे, खर्च वाया जातो, अशी ओरड झाली. १८४० साली मंडळच रद्द करावे असा प्रस्ताव विधिमंडळात आला. त्याच्या बाजूने १८२ आणि विरुद्ध २४५ मते पडली व मंडळ वाचले.

धर्मशिक्षणावरूनही वाद पेटला. कोणत्याही एका पंथाचा पुरस्कार करणारी पुस्तके सार्वजनिक शाळेत नसावीत, असा १८२७ चा कायदा होता. मॅन यांनी तो काटेकोरपणे पाळला. पवित्र शास्त्र वाचावे, पण त्यावर पंथाचे भाष्य करू नये, अशी त्यांची भूमिका होती. सनातनी मंडळींना हे अपुरे वाटले. उलट नव्याने येऊ लागलेल्या रोमन कॅथलिक कुटुंबांना प्रॉटेस्टंट भाषांतर शाळेत वाचले जाणे हाच अन्याय वाटला. मॅन यांना हा प्रश्न पूर्णपणे सोडविता आला नाही.

१८४३ साली मेरी पीबडी यांच्याशी दुसरा विवाह झाल्यावर ते युरोपच्या शाळा पाहून आले. प्रशियातील शिक्षक छडीवाचून, प्रेमाने शिकवितात, हे त्यांनी आपल्या सातव्या अहवालात लिहिले. त्यावर बॉस्टनमधील ३१ मुख्याध्यापकांनी १८४४ साली त्यांच्याविरुद्ध पुस्तिका काढली. वाद वाढत गेला. तोवर बॉस्टनमध्ये समितीचे सभासद वर्षातून एकदा शाळेत येऊन तोंडी परीक्षा घेत. प्रत्येक मुलास निराळा प्रश्न विचारला जाई आणि शिक्षक हुशार मुलांस पुढे करीत. १८४५ साली मॅन यांचे मित्र डॉ. सॅम्युअल हाऊ आणि समितीचे इतर सभासद यांनी छापील प्रश्न घेऊन, पूर्वसूचना न देता, सर्व शाळांच्या वरच्या वर्गांची एकाच प्रश्नांवर लेखी परीक्षा घेतली. सुमारे पाचशे मुले बसली. एक तृतीयांशही उत्तरे बरोबर आली नाहीत. शहरास धक्का बसला. लेखी उत्तर जपून ठेवता येते, कोणासही तपासता येते, त्यात पक्षपातास जागा कमी, असे मॅन यांनी या पद्धतीचे समर्थन केले.

निःपक्षपातीपणे पाहता येथे एक सावधगिरीची खूणही दिसते. या परीक्षेमागे विरोधकांना नमविण्याचा हेतू मुळीच नव्हता, असे म्हणता येणार नाही. मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांना मारावयाच्या काठ्या झाल्या, की शाळेचे हित बाजूला पडते. गावाने शाळेवर लक्ष ठेवावे, पण शिक्षकांस शत्रू मानून नव्हे.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. गावसभेत मत होते ते पुरुषांनाच. मातांना ते नव्हते. बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळेत बसावे लागे, आणि या भेदाविरुद्ध मॅन चिटणीस असताना उघडपणे उभे राहिले नाहीत, अशी टीका गुलामगिरीविरोधी पुढारी वेंडेल फिलिप्स यांनी त्यांच्यावर केली. राज्याने कायदा करून हा भेद मोडला तो १८५५ साली, कृष्णवर्णीय पालकांनी वर्षानुवर्षे अर्ज, बहिष्कार व न्यायालयीन लढा दिल्यानंतर. समाजाने शाळेवर लक्ष ठेवावे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या समाजात कोणकोण मोजले जाते, हे आधी विचारले पाहिजे.

शेवटची वर्षे

बारा वर्षांत बारा अहवाल लिहून मॅन यांनी ते पद सोडले. या काळात शाळांवरील सार्वजनिक खर्च दुप्पट झाला, शिक्षकांचे पगार वाढले, सुमारे पन्नास नव्या माध्यमिक शाळा निघाल्या आणि शाळेच्या वर्षात सरासरी एका महिन्याची भर पडली. यांतील एकही गोष्ट मॅन यांनी हुकुमाने केली नाही. ती गावसभांनी आणि विधिमंडळाने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून केली.

१८४८ साली ते अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले. तेथे मात्र त्यांनी गुलामगिरीविरुद्ध निर्भयपणे आवाज उठविला. १८५३ साली ओहायो राज्यातील नव्या अँटिऑक कॉलेजचे ते पहिले अध्यक्ष झाले. तेथे मुलगे व मुली यांना एकच अभ्यासक्रम होता आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनाही दार उघडे होते. कॉलेज सतत आर्थिक संकटात असे. त्या काळजीने व श्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. १८५९ च्या पदवीदान समारंभातील भाषण हे त्यांचे शेवटचे ठरले. काही आठवड्यांनी, २ ऑगस्ट १८५९ रोजी, त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

आपणांसाठी

वाचकहो, मॅसॅच्युसेट्स हे नाव मराठी ख्रिस्ती समाजास परके नाही. १८१३ साली मुंबईस आलेले गॉर्डन हॉल तेथलेच, आणि अमेरिकन मराठी मिशनला पाठविणाऱ्या संस्थेचे कार्यालयही बॉस्टन येथेच होते. १८२७ साली मुंबईस येऊन पुढे अहमदनगर येथे मुलींच्या शाळा चालविणाऱ्या सिंथिया फेरार याही त्याच परिसरातून आल्या. आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी ज्या शाळांत अक्षर गिरविले, त्यांची मुळे अशा दूरच्या गावांपर्यंत पोहोचतात.

आज आपल्या देशात २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद असून तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविलेले आहे. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे. मॅन यांच्या काळी मातांना जे मिळाले नव्हते, ते येथे कायद्याने दिले आहे. परंतु १८२६ चा कायदाही कागदावर उत्तमच होता. सभासदाने वर्गात न जाता इतिवृत्तावर सही केली, तर समिती असून नसल्यासारखीच. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांबाबत कायद्याची स्थिती निराळी आहे. पण कायद्याने बांधले नाही, म्हणून आपल्या मंडळीने चालविलेल्या शाळेला पालकांपुढे हिशेब ठेवण्याचे कर्तव्य चुकते काय?

आपण दिल्लीत असा, हैदराबादेत असा, इंदुरात वा एखाद्या खेड्यात असा, जवळच्या शाळेच्या समितीत कोण आहेत एवढे तरी विचारून पाहा. वर्षातून दोनदा त्यांच्यासह शाळेत जा. हजेरीपट पाहा, मुलांजवळ बसून त्यांचे वाचन ऐका, शिक्षकांस काय अडचण आहे ते आदराने विचारा. जे पाहिले ते एका पानावर लिहा, आणि ते पान पालकांच्या सभेत मोठ्याने वाचा. ज्या बाईंना लिहिता-वाचता येत नाही, त्यांनाही त्या सभेत पुढच्या रांगेत बसवा, कारण त्यांचे मूलही त्याच वर्गात आहे.